मांडीवरचं फुकट

पदीबाय दुकानात आली की आधी स्टूल मागायची. पाणी नको, चहा नको, भावाची चौकशी नको, आधी स्टूल. त्यावर ऐसपैस बसायची, लुगडं गुडघ्यांवर ताणून घ्यायची आणि म्हणायची, "द्या शेट, मांडीव द्या." मग जी वस्तू घ्यायची असेल ती मी तिच्या मांडीवर ठेवायची आणि तिने डोळे मिटून बसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा पाण्याचा पंप मांडीवर घेऊन ती पाऊण तास बसली होती. तेवढ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाने, पंप झोपलाय अशा समजुतीने, मला कुजबुजत भाव विचारला.

पाऊण तास का, तर गव्हाणच्या धक्क्यावरून तिच्या बेटावर जायला होडीला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मांडीला सोसलं तर वस्तू घ्यायची, नाही तर शेटला रामराम.

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. पनवेलला उरण नाक्याजवळ गिरण्या, मोटारी, पट्टे आणि पुल्या विकण्यात माझा जन्म गेला. दिवसभर घरघर चालणाऱ्या धंद्यात माणसाला थोडं मोठ्याने बोलावं लागतं, तेवढंच. पण पदीबायच्या बाबतीत मी उलट करतो. कमी करून सांगतो. पुरं सांगितलं तर लोक उठून जातात.

तिचं तिवरबेट नकाशात शोधू नका. भरतीला ते सुपाएवढं असतं, ओहोटीला टोपलीएवढं होतं. एका बाजूला सागरी पुलावरून गाड्या पळताना दिसतात, आणि डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं इतकी खालून जातात की वाळत घातलेले बोंबील बायका विमान गेल्यावर मोजून घेतात. एवढाल्या गोष्टी अंगावरून जातात, पण बेटावर उतरत काही नाही. उतरतं ते होडीतून, आणि महाग होऊनच उतरतं. पनवेलच्या बाजारातून निघालेला कांदा आधी टेम्पोत बसतो, मग धक्क्यावर हमालाच्या डोक्यावर, मग होडीत, मग पुन्हा कोणाच्या तरी डोक्यावर. बेटावर पोचेस्तोवर तो स्वतःला सफरचंद समजायला लागलेला असतो. तिथे मासळी स्वस्त आणि कोथिंबीर महाग. आपण कालवणावर कोथिंबीर भुरभुरतो. तिवरबेटावर खास पाहुणा आला तर कोथिंबीर वाढतात आणि तिच्यावर मासळी भुरभुरतात.

होडी मोरा बंदराच्या हनीफभाईची. बेटावर जायला तीच एक. हनीफभाईच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता: माणसाचं भाडं वेगळं, सामानाचं वेगळं, मात्र प्रवाशाच्या मांडीवर मावेल ते सामान फुकट. फळीला टेकलं की भाडं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे तान्हं पोर असेल, भाजीची पिशवी असेल. पदीबाय नक्कीच नसेल.

ती बेटावर नवरी म्हणून आली तीच मुळी पाटा-वरवंटा मांडीवर घेऊन, कपाळाला मुंडावळ्या असताना. पुढे तिच्या घराची कौलं मांडीवरून गेली, दाराची चौकट मांडीवरून गेली. बारा फुटी लोखंडी पाइप अकरा माणसांच्या मांड्यांवर आडवा होऊन गेला. एक रेडकू गेलं. ते म्हैस होऊन परत आलं तेव्हाही मांडीच शोधत होतं म्हणतात. हनीफभाई होडी सोडण्याआधी प्रत्येकाच्या सामानाखालून चार बोटं फिरवायचा. बोटं आरपार गेली की त्याला मान्य. "टेकलं नाही. चलो!"

"अब्बांचा उसूल आहे, शेट," तो मला एकदा म्हणाला. "मोडता येत नाही. पण या बाईने त्या उसुलावर अख्खं गाव बांधलं!"

पदीबायचा दुसरा एक प्रश्न ठरलेला असे. वस्तू घेऊन झाली की दुकानभर नजर फिरवून ती विचारायची, "शेट, हितं वाया काय जातंय?" हा प्रश्न ती प्रत्येक दुकानात विचारायची. माझ्याकडे वाया जायचे पट्ट्यांचे तुकडे. गिरणीचा जाड, चपटा पट्टा गिऱ्हाइकाच्या मापाने कापला की हात-दीड हात उरतो. ते सगळे ती न्यायची, वर्षानुवर्षं.

"काय करतेस गं ह्यांचं?"

"पायपुसनी. आमच्या बेटावर हर उंबऱ्याव तुमचाच पट्टा हाय, शेट. समदं गाव तुमच्या नावानं पाय पुसतंय."

मला हा मान वाटला. अजून वाटतो.

मग एका दुपारी ती आली आणि स्टूल मागितलंच नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "गिरनी पायजे."

"घरघंटी?"

"घरघंटी नाय. गावाची. दगडाची."

मी हसलो. ती हसली नाही. मग स्वतःच स्टूल ओढून बसली आणि बोलायला लागली. तांदूळ रेशनचा मिळतो, थोडा घरचा असतो. पण भाकरीला पीठ लागतं, आणि पीठ करायला गव्हाणला यावं लागतं. येण्याचं भाडं, जाण्याचं भाडं, त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. "आमची भाकर ताटात पडंपरयंत दोन डाव खाडी वलांडती, शेट. इमानाचं तिकीट काडल्यावानी भाकर आमची! चालीस उंबरे हुते. आता एकवीस हायेत. बाकी गेले इचुंब्याला, भाड्याच्या खोलीत. कुनी इचारलं का गेलात, तं बोलतात भाकर परवडत नाय."

"मग गिरणीने थांबतील?"

"भाकर सवस्त झाली तं मानूस कनाला जाईल?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "हनीफ बोलतो, एकवीस घरांव इंजान कसाबसा परवडतो. येक जरी घर निगालं तरी होडी इकीन नं गव्हानला टपरी टाकीन. आनि होडी गेली तं उरलेल्यांनी काय पवत यावं?"

"निघालंय का कोणी?"

"येक निगालंय. गाठोडी बांदून झालीत."

"कोणाचं घर?"

"गिरनी दाखवा," ती म्हणाली.

गंमत बघा. त्याच आठवड्यात पनवेलजवळच्या विचुंब्याची एक जुनी गिरणी माझ्याकडे विकायला आली होती. तिकडे नव्या इमारती झाल्या आणि त्यांतली माणसं पिशवीबंद पीठ खाणारी, म्हणून गिरणीवाल्याने गाशा गुंडाळला. तिवरबेटाची माणसं विचुंब्याला आणि विचुंब्याची गिरणी तिवरबेटाला, असा हा व्यवहार. पदीबायने गावातल्या बायकांची जमवाजमव करून रोख पैसे दिले. घासाघीस मात्र अशी केली की शेवटी मीच तिला चहा पाजून वर आभार मानले.

पण त्याआधी मांडी. गिरणीचा एकेक दगड दीड मणाचा. मी दीड मण म्हणतो, काट्याचं मत वेगळं असेल. दुसऱ्या दिवशी ती पाच बायका घेऊन आली, समोरच्या चहावाल्याचे सगळे बाकडे माझ्या दुकानात आले आणि सहा जणी मांडीला मांडी लावून बसल्या. वर गोधडी, गोधडीवर दगड. पाऊण तास. नाक्यावरच्या रिक्षा थांबल्या. एका बाईने नारळ आणून वाढवायची तयारी केली. मी मात्र त्या सहा चेहऱ्यांकडे बघत राहिलो. कोणी हूं की चूं केलं नाही. पदीबाय डोळे मिटून होती, आणि तिचे ओठ हलत होते. जप नव्हता तो. ती खाडीच्या वाटेवरचे तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं, मोजत होती. होडी आत्ता कुठे पोचली ते.

त्या बघत राहण्यात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. माझ्या दुकानात गल्ल्यावर पाटी आहे: "आधी फेज विचारा." पाटी माझ्याच हस्ताक्षरात आहे. मी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी भरती धरून आम्ही निघालो. गिरणी बसवून द्यायला मीही बरोबर होतो. सहा जणींच्या मांडीवर एक दगड, समोरच्या सहा जणींच्या मांडीवर दुसरा. बिडाचा सांगाडा सुटा करून आठ बाप्यांच्या मांडीवर. हनीफभाई होडीभर रांगत सगळ्यांखालून बोटं फिरवत होता.

"बाय, ही गोधडी टेकलीय फळीला!"

"गोधडी कापडांत मोडती. तुजी लुंगी टेकलीय ती? तिचं भाडं कोन देनार?"

"या अल्ला! आणि ही मोटार? ही कोणाच्या मांडीवर?"

पदीबायने सगळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "शेट, तुमची मांडी रिकामी हाय."

मोटार माझ्या मांडीवर आली. पुढचा पाऊण तास मी काय भोगलं ते सांगत नाही. कंपनीचं नाव माझ्या मांडीवर उलट्या अक्षरांत उमटलं होतं आणि पुढे महिनाभर आंघोळीच्या वेळी मी ते वाचत असे. त्या होडीत मला एक गोष्ट कळली. बेटावरची प्रत्येक वस्तू अशी कोणीतरी सोसून आणलेली असते. आपण पनवेलला वस्तू विकत घेतो. ती माणसं वस्तू वाहून घेतात, आणि मग तिला घरातल्या माणसासारखं वागवतात.

बेटावर धक्क्याला लागूनच मासळी ठेवायची एक रिकामी खोली होती. तिथे गिरणी उभी केली. दगडांना टाकी लावून धार आणली होतीच, ते चढवले. बायका तांदळाचे डबे घेऊन रांगेत बसल्या. मी विजेचा बोर्ड उघडला, आणि माझ्या पायांखालची जमीन खाडीत गेली. बेटावर वीज होती, पण सिंगल फेज. मी दिलेली मोटार थ्री फेजची, तिला जास्तीच्या तारा लागतात. आणि सिंगल फेजवर एवढा दगड फिरवण्याइतका जोर त्या वायरीत नव्हता. तिथले दिवे संध्याकाळी उदबत्तीएवढेच लाल होतात.

मी सांगितलं. पदीबाय मोटारीपाशी आली, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"मंग ही फिरनार नाय?"

"नाही, पदीबाय. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"दुसरी तार आनायची झाली तं?"

मी आकडा सांगितला नाही. माझा चेहराच तेवढा महाग झाला होता. बायका डब्यांची झाकणं लावायला लागल्या. त्या शांततेत फक्त धक्क्यावरच्या होडीचं इंजिन ऐकू येत होतं. टुकटुकटुकटुक.

पदीबायची मान हळूहळू तिकडे वळली.

"हनीफ! होडी बांदलीय, मंग इंजान कनाला चालू?"

"बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास हँडल मारावं लागतं, बाय. बुढ्ढा झालाय. मी परतीला निघेपर्यंत चालूच ठेवतो."

"रोज?"

"रोज पाऊण तास. पाणी असतं तोवर."

"म्हंजे डिझेल जलतंच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि जो प्रश्न तिने विचारला तो ऐकून मला माझ्या तीस वर्षांच्या धंद्याची लाज वाटली. "शेट, पट्टा कोन फिरवतंय ते गिरनीला कलतं का?"

नाही कळत. गिरणीला मोटार दिसत नाही, इंजिन दिसत नाही. पट्टा ओढला की ती फिरते. आमच्या आजोबांच्या काळात सगळ्या गिरण्या इंजिनावरच होत्या. हनीफभाईच्या इंजिनाला पुढे परातीएवढं चाक होतंच. पण होडी ते खोली एवढा लांब पट्टा कुठून आणायचा? माझ्याकडचा तर मोटारीपुरता.

"उंबरे!" पदीबाय ओरडली. "अगं उंबऱ्यावरचे पट्टे काढून आना! पलवा!"

त्या गावाची पळापळ मी जन्मात विसरणार नाही. घराघरांतून पायपुसणी निघाली. चिखलाची, रांगोळीचे डाग असलेली, एकावर मांजर बसून आलेलं. मी पिशवीतून रिबीट आणि हातोडी काढली आणि तुकड्याला तुकडा जोडत सुटलो. वीस घरांचे वीस तुकडे. खिडकीतून पट्टा बाहेर काढला, धक्क्यावरून होडीपर्यंत नेला. हातभर कमी पडला.

"एकविसावं घर कोणतं?" मी ओरडलो.

सगळ्या जणी होडीकडे बघत होत्या. परतीच्या फेरीची माणसं होडीत बसली होती, आणि त्यांत एक तरणी बाई केव्हाची येऊन बसली होती. मांडीवर मोठं गाठोडं. आणि त्या गाठोड्याला करकचून बांधला होता माझा पट्टा.

"सुनीता," पदीबाय म्हणाली. "माजी सून, शेट."

तेव्हा मला कळलं निघालेलं घर कोणाचं होतं. मुलगा पनवेलच्या गोदामात कामाला, आठवड्याने घरी येणारा. सुनेने विचुंब्याला खोली बघितली होती. चाळीस वर्षं अख्खं गाव मांडीवर वाहणाऱ्या बाईचं स्वतःचं घर त्या होडीत बसलं होतं, आणि ती गेल्या महिनाभर त्याबद्दल कोणापाशी एक शब्द बोलली नव्हती. आत्ताही तिने पट्टा मागितला नाही. नुसती धक्क्याच्या कडेला उभी राहिली. पाणी उतरायला लागलं होतं.

सुनीता सासूकडे बघत होती. मग खिडकीतून दिसणाऱ्या त्या दगडांकडे.

"आई, यो येकदा सोडला तं मना परत बांदाला जमनार नाय. सांगून ठेवते."

"नको बांदू," पदीबाय म्हणाली.

सुनीताने गाठ सोडली. गाठोड्यातून आधी परात घरंगळली, मग पोरांचे कपडे. मी पट्टा जोडला, चाकावर चढवला, आणि गिरणी फिरली. लगेच नवी भानगड. होडी लाटेवर हलायची आणि पट्टा सैल पडायचा. तेव्हा सुनीताच उठून उभी राहिली. "बगता काय? तिकडं सरका समदी! पट्टा सुटतंय!" परतीचे प्रवासी एका बाजूला रेलले, पट्टा ताणला गेला. लाट आली की ती म्हणायची "सरका", गेली की "बसा". जगात कुठे वीस माणसांना डुलवून दळण होत असेल तर मला कळवा. मी येऊन पाया पडेन.

पहिलं पीठ दगडाची कच म्हणून टाकून दिलं. दुसरं पदीबायने ओच्यात घेतलं, खाली बसली आणि डोळे मिटले. मांडीवर पीठ घेऊन बसली ती. मी जवळ गेलो.

"काय बघतेस?"

"गरम हाय, शेट," ती म्हणाली. "खाडी वलांडून आलेलं पीठ गार असतं. आमी गरम पीठ कदी बगितलंच नाय."

हनीफभाईने डिझेलचा विषय काढून बघितला. "धुरात जात हुतं तवा कुनाकडं मागत हुतास?" एवढंच ती म्हणाली. पण तेव्हापासून त्याच्या घरचं दळण फुकट, आणि दळण असेल त्या दिवशी होडीत त्याला दोन गरम भाकऱ्या. होडी विकायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. पुढच्या सणाला विचुंब्याहून एक घर परतसुद्धा आलं. गिरणी सुनीता चालवायची. भरतीचं वेळापत्रक तेच दळणाचं वेळापत्रक. मी ती मोटार परत घ्यायला तयार होतो, पदीबायने दिली नाही. तिच्यावर हंडा ठेवायची. म्हणायची, "शेटनी मांडीव आनलीय. टाकाची कशी?"

गेल्या वर्षी तिला पनवेलच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ती माझ्या स्टुलापेक्षाही बारीक झाली होती. मी भेटायला गेलो. तिने नेहमीसारखी खोलीभर नजर फिरवली.

"काय बाय, इथं वाया काय जातंय?" मीच विचारलं.

"मीच, शेट," ती म्हणाली. "आज दलनाचा दिस हाय, नं मी हितं झोपून."

दोन दिवसांनी ती गेली. गव्हाणच्या धक्क्यावर आम्ही तिला घेऊन आलो तेव्हा भरती होती. हनीफभाईने होडीतली मधली फळी धुऊन पुसून मोकळी केली होती, वर नवी चटई घातली होती. "इथे ठेवा," तो म्हणाला. "पुरी फळी बायची. भाड्याचं नाव काढू नका, खुदा के वास्ते."

सुनीता आत उतरली आणि फळीच्या बाजूला बसली. लुगडं गुडघ्यांवर ताणलं. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी, चौथी, पाचवी. "फळीव नको, चाचा," सुनीता म्हणाली. "आईनी कदी दिलं नाय भाडं. आताबी नको." सहावी जागा रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी बसलो. डोकं सुनीताच्या मांडीवर, पावलं माझ्या. दीड मणाचे दगड वाहणारी ती बाई. तिचं वजन मला जाणवलंसुद्धा नाही. पाऊण तास मी वाटेवरचे तिवर मोजणार होतो.

होडी सोडण्याआधी हनीफभाई वाकला. सवयीने असेल, नाही तर अब्बांच्या उसुलासाठी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने तिच्याखालून चार बोटं सावकाश फिरवत नेली. आरपार. मग बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"टेकलं नाही," तो म्हणाला. "चलो."